काहील आणि पहिली नाव

आमचं गाव हे बंदर आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी फोनवर कळलं. फोन ग्रामपंचायतीच्या पीडीओंचा, म्हणजे विकास अधिकाऱ्यांचा होता. हिडकल धरणाच्या भिंतीमागं पाणी पसरून जो मोठा तलाव झालाय, त्याच्या काठावर आमचं गाव आहे. तिथं पर्यटकांसाठी नवा धक्का होणार होता. धक्क्यापाशी एक फलक लागणार होता, आणि फलकावर इतिहास.

“नोडरी, बघा मॅडम,” पीडीओ कन्नड वळणानं म्हणाले, “तुम्ही हिस्टरीच्या टीचर. गाव तुमचं माहेर. चार ओळी द्या. बंदर कसं सुरू झालं, पहिला धंदा काय, पहिली बोट कुणाची. ओल्ड पाहिजे. फार ओल्ड नको, लोकांना खोटं वाटतंय.”

मी बेळगावच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते आणि हिंडलग्याला राहते. आठवीच्या वर्गात दरवर्षी पोर्तुगीजांना कालिकतला उतरवते. बंदर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं मसाल्याची गोदामं आणि जकातीची नाकी येतात. आमच्या गावात दगडाला बांधलेल्या चार नावा, एक चहाचं खोपटं आणि भरपूर चिखल होता. पाणी मागं हटलं की चहाचं खोपटं त्याच्या मागोमाग जायचं आणि पाणी चढलं की परत यायचं. तरीही मी होय म्हणाले. मे महिन्याची सुट्टी होती, आणि माझ्याकडं कुणी आजवर इतिहास मागितला नव्हता.

गावी आई असते, आणि भिंतीला भिंत लागून आप्पा. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वय ऐंशीच्या पुढं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आप्पा सुतार. धरण व्हायच्या आधी ते बैलगाड्या करायचे आणि आसपासच्या गावांतून त्यांच्याकडं लोक यायचे. गाडीच्या पुढच्या टोकाला ते बैलाची दोन तोंडं कोरत. खरे बैल त्याच्या पुढं जुंपलेले असताना लाकडाचे बैल कशाला, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

आई आणि आप्पा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही. थोरल्या दिरासमोर भावजयीनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीच्या घरांतून ती कधीच गेली, आमच्याकडं राहिली. काही सांगायचं झालं तर आई दारातल्या शेळीला सांगते. “शेळे, आमटी केलीया म्हणावं, पाठवू का?” पलीकडून आप्पा शेळीलाच उत्तर देतात, “वाटीभर बास, म्हणावं.” शेळ्या बदलत गेल्या, व्यवहार चालू राहिला.

मी वही घेऊन आप्पांपुढं बसले. पहिली नाव त्यांनीच बांधली हे गावात सर्वांना माहीत होतं. आप्पा खाकरले आणि सांगू लागले.

“धरण भरलं, रस्ता पान्याखाली गेला. जुनं गाव गेलं, आमास्नी हितं वर टेकावर जागा दिली. पलीकडं जायला आदी अर्धा तास लागायचा, आता वळसा घालून आख्खी सकाळ. मग मी नाव बांदली. बाभळीची. पयली नाव सात वर्सं चालली.”

“आणि पहिला धंदा?”

“त्योच. नाव बांदायचा. मग तंबाकू. निपाणीला जानारे तंबाकूचे बोद, म्हंजे ही एवढाली गोणपाटाची गाठोडी, नावंतनं पलीकडं जायची. मग मासं आलं. मग गाळाच्या इटा. सगळं त्या नावंमागनं.”

मी सगळं लिहून घेतलं. चार ओळींसाठी पुरेसं होतं. आतून आईनं शेळीला काहीतरी म्हटलं, पण ते मला ऐकू आलं नाही.

त्या वर्षी पाणी फार खाली गेलं होतं. तळ्याचा तळ मैलभर उघडा पडला होता, आणि त्यातून जुन्या गावाची जोती, विहिरीचे काठ, एका पाराचे दगड वर आले होते. विटा पाडणारे तिथं गाळ खणत होते. दोन दिवसांनी त्यांच्यातला एकजण सायकलवरून घरी आला आणि म्हणाला, “आक्का, एक गाडी घावलीया चिकलात. चाकं न्हाईत. आप्पांची असंल, बैलं हाईत म्होरं.”

मी बघायला गेले. गाळाला भेगा पडल्या होत्या, चालताना पायाखाली खापरं फुटल्यासारखा आवाज यायचा. खड्ड्यात कुशीवर पडलेली ती वस्तू गाडीसारखीच होती: अरुंद, उंच, बाजूंना गाडीचे असतात तसे खुंट. पण खाली आस नव्हता, फळ्यांच्या फटींत डांबरात भिजवलेल्या चिंध्या होत्या, आणि पुढच्या टोकाला बैलांची दोन तोंडं. एका बैलाचा कान गेला होता. ती नाव होती.

इतिहासाच्या शिक्षकाला पुरावा सापडला की तो मोजतो. मी धरण पहिल्यांदा भरलं तेव्हाच्या काठापर्यंत पावलं मोजली. तिथं नावा बांधायचा जुना दगड अजून होता. बेचाळीस पावलं झाली. फळ्यांवर घासल्याची खूण नव्हती, तळाला झीज नव्हती, दुरुस्तीचा एकही खिळा नव्हता. सात वर्षं चाललेली नाव अशी दिसत नाही. ही नाव बेचाळीस पावलं चालली होती.

घरी आले तेव्हा आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

“आई, पहिली नाव बुडाली होती का?”

“कुनी सांगितलं?”

“नावेनंच.”

तिनं चार शेंगा फोडल्या. “तू शिकल्याली. तुला जे पायजे ते लिव. आमास्नी कशाला इचारतीस?”

“तू तेव्हा इथंच होतीस.”

“हुते की.” मग तिनं भिंतीपलीकडं कान दिला. आप्पा बाजेवर घोरत होते. तिनं पदर सारखा केला आणि आवाज खाली आणून सांगायला लागली. मला एवढ्या वर्षांत तिनं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

आईचं माहेर निपाणीपलीकडं, वेदगंगेच्या काठी. तिथं पावसाळ्यात नदी फुगली की लोक काहिलीतून पलीकडं जात. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. सात-आठ माणसं आत बसतील एवढी रुंद, गुडघ्याएवढी खोल. आई लहानपणापासून काहील हाकायला शिकली होती. लग्न होऊन ती आमच्या गावी आली तेव्हा इथं नदी लांब होती, आणि वर्षभरात धरण भरून पाणी दारात आलं. बायका म्हणायच्या, हिनं येताना माहेरचं पाणी आणलं.

गावचं गुऱ्हाळ बुडालं, ऊस बुडाला. काहील तेवढी लोकांनी वर ओढून आमच्या दारात ठेवली होती. आमच्या रानातलं एक टेकाड पाण्याबाहेर राहिलं होतं, त्यावर चिंचेचं झाड आणि चांगलं गवत होतं. आई काहील पाण्यात ढकलायची, रस ढवळायचं लांब दांड्याचं फावडं घ्यायची आणि टेकाडावर जाऊन गवत कापून आणायची. एक दिवस शाळेच्या मास्तरांनी विचारलं, पलीकडं सोडशील का, बस गाठायची आहे. तिनं सोडलं. मग पोस्टमन. मग अडलेली एक बाळंतीण. आप्पांची नाव तयार व्हायच्या आधी चार महिने ती माणसं ने-आण करत होती.

“मग पहिली नाव तुझी काहील म्हणायची.”

“काहील ती. नाव कशी हुईल?” आई म्हणाली. “तिला कुनी नारळ फोडला न्हाय.”

आप्पांच्या नावेला नारळ फोडला. वाजंत्री होती. आठ माणसं बसायची होती: गावचे तीन जाणते, तलाठी, मास्तर, दोन पावणे आणि आप्पा. आप्पांनी त्याआधी नाव कधी पाहिली नव्हती. त्यांना गाडी येत होती, म्हणून त्यांनी पाण्यावर चालणारी गाडी केली. काठावर उभ्या माणसांना ती फार देखणी वाटली. बैल तर सर्वांनाच आवडले.

नाव निघाली. थोडी आत गेल्यावर मास्तर भाषणासाठी उभे राहिले. भाषण नीट ऐकू यावं म्हणून तलाठी त्यांच्या बाजूला सरकले. अरुंद नाव कलली, सगळेजण घाबरून दुसऱ्या बाजूला गेले आणि नाव तिकडून पालथी झाली.

“मी टेकाडाकडनं येत हुते,” आई म्हणाली, “गवत भरून. बघतीया तर मानसं पान्यात आनि वाजंत्री वाजतीया. वाजवनाऱ्यांची पाठ हुती हिकडं.”

पोहता येणारा एकही नव्हता. पालथ्या नावेला धरून सगळे तरंगत होते. आईनं गवत अर्धं पाण्यात टाकलं, काहील जवळ नेली आणि तीन खेपांत सात माणसं काठावर आणली. मास्तर पहिल्या खेपेला गवतावर बसून आले. पण काठावर पोचल्यावर पुढच्या प्रत्येक खेपेला ते परत तिच्याबरोबर गेले, कारण लोकांना धीर द्यायला कुणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिनं त्यांना बसू दिलं. पुढं त्यांचा उपयोग झाला.

आप्पा शेवटी राहिले. नाव आता बुडबुडे सोडत खाली चालली होती आणि आप्पा बैलाच्या तोंडाला मिठी मारून होते. आई जवळ गेली, पण तिला त्यांना हाक मारता येईना. आप्पांना तिचा हात धरता येईना. दोघंही दुसरीकडं बघत राहिले.

“मग?”

“मग मी म्हनलं, मास्तर, त्यांनास्नी सांगा, फावडं धरा म्हनावं. मास्तरांनी सांगितलं. त्यांनी मास्तरांना सांगितलं, नावंला सोडून येनार न्हाय म्हनावं. मी मास्तरांना म्हनलं, सांगा त्यांनास्नी, नाव जातीया, ती काय तुमच्यासाठी थांबत न्हाय. तवर नाक पान्याखाली गेलं त्यांचं. मग धरलं फावडं.”

बैलाचा कान आप्पांच्या मुठीत राहिला होता. काठावर उतरून ते ओल्या कपड्यांनी सरळ घरी गेले आणि आठ दिवस बाहेर आले नाहीत. वडील तेव्हा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते. ते सुट्टीला आले तेव्हा आईनं त्यांनाही सांगितलं नाही. गावातही कुणी त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. बुडालेल्या आठांतले बरेचसे मानाचे होते, आणि ज्यानं चिडवायचं त्याला आधी आपण गवतावर बसून आलो हे सांगावं लागलं असतं.

“पण सात वर्षं चालली ती नाव कुठली?”

“ती दुसरी. फनसाची. त्यांनी दोनाची एक केली. चालायचंच.”

मला आईनं काही सांगितलं हे आप्पांना सांगायचं नव्हतं. पण नाव सापडल्याचं त्यांना विटांवाल्यानं सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा काठी घेऊन निघाले. मी त्यांचा हात धरला. आई मागून वीसेक पावलांवर येत होती. तिला म्हणे त्या बाजूला शेण्या वेचायच्या होत्या. उघड्या पडलेल्या गाळात शेण्या कुठल्या, हे मी विचारलं नाही.

आप्पा खड्ड्याच्या काठाला उभे राहिले. मग खाली उतरले, नावेच्या बाजूवरून हात फिरवला, वितीनं तळाची रुंदी मोजली आणि बाजूंची उंची मोजली.

“पोरी,” ते मला म्हणाले, “एवढ्या रुंदीवर एवढी उंची. कुनालाबी कळलं असतं.”

“तेव्हा कसं कळणार, आप्पा?”

“तवाच कळलं. काहिलीत बसल्यावर.” ते बैलाच्या तुटलेल्या कानाच्या जागेकडं बघत होते. “मी भिजून गारठल्यालो. काठावरची समदी मला बघत हुती आनि मी खाली बघत हुतो. मास्तर हालत हुतं, गवत हालत हुतं, पर काहील हालंना. तळ सपाट, काठ बुटका, घेर मोठा. मी मनात म्हनलं, च्या मायला, ही तर आपल्या दारातच पडली हुती.”

पुढं ते म्हणाले की आठ दिवस घरात बसून त्यांनी तोच विचार केला. मग रोज दुपारी, गाव झोपलं की, ते अंगणात पालथ्या पडलेल्या काहिलीपाशी जायचे आणि सुतानं मापं घ्यायचे. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून घाईनं. दुसरी नाव त्यांनी त्या मापांवर बांधली. मग तिसरी, मग पलीकडच्या गावांसाठी, मग मासेवाल्यांसाठी. तळ्याकाठच्या सगळ्या जुन्या नावा बुटक्या आणि पसरट का, हे मला त्या दिवशी कळलं.

आई तेव्हा खड्ड्याच्या दुसऱ्या काठावर उभी होती. तिच्या हातात एकही शेणी नव्हती. आप्पांनी मान वर केली आणि तिच्याकडं सरळ पाहिलं. तिथं शेळी नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

“काहील रोज घासल्याली असायची,” ते म्हणाले. “तुमी घासत हुता का?”

आप्पा तिच्याशी बोलले तर ‘तू’ म्हणतील की ‘तुम्ही’, हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही बहुधा तेव्हाच ठरवावं लागलं.

आईनं पदर पुढं ओढला, पण तोंड फिरवलं नाही. “व्हय. गंज असला की सूत अडकतंय.” मग म्हणाली, “एक डाव सूत इसरला हुता तुमी. आजून हाय माज्याजवळ.”

“राहू दे,” आप्पा म्हणाले.

परतताना आई वीस पावलं मागं नव्हती. पाच-सहा होती. आप्पांना माझा हात नको होता, पण मधेच ते थांबले आणि मला म्हणाले, “फळ्यावर खरं लिव. काहील पयली. हाकनारी बाई. माजी नाव दुसरी. पयली बुडली त्येबी लिव, न्हायतर दुसरी कशी आली ते कळायचं न्हाय.” डोळे पुसत होते की घाम, ते मी बघितलं नाही. मला स्वतःलाच वाट नीट दिसत नव्हती.

मी चार ओळी लिहिल्या. सहा झाल्या. या गावचं पहिलं जलवाहन म्हणजे गुऱ्हाळाची काहील, ती एका स्त्रीनं चालवली, तिच्या मापावरून इथल्या नावा घडल्या आणि त्या नावांवर तंबाखू, मासे आणि विटा हे धंदे उभे राहिले, असा मजकूर होता. पहिल्या लाकडी नावेची बेचाळीस पावलंही मी घातली होती. पंचायतीच्या बैठकीत तो मोठ्यानं वाचला गेला.

एक सदस्य म्हणाले, “बरोबर हाय सगळं. पर बोटीत बसायच्या जागी ‘बुडाली’ लिवायचं?”

दुसरे म्हणाले, “बुडाली काढा. वाचले तेवढं ठेवा.”

“बुडाले नाहीत तर वाचले कशातून?” मी विचारलं.

यावर चर्चा झाली. पीडीओंनी फार सौजन्यानं सांगितलं की मजकूर मंजूर आहे, पण कन्नड आणि इंग्रजीत करून घेताना थोडा लहान होईल. मी म्हटलं, चालेल. शाळेत आम्हीही शतकं लहान करतो.

फलक दिवाळीनंतर लागला. धक्का प्लॅस्टिकचा, निळा आणि पिवळा. मी आईला आणि आप्पांना घेऊन बघायला गेले. आप्पांनी विचारलं, “काय लिवलंय?” मी वाचून अर्थ सांगितला: हे एक निसर्गरम्य ऐतिहासिक बंदर आहे. पोहण्यास मनाई. कचरा टाकू नये.

“काहील?” आप्पांनी विचारलं.

“नाही.”

आईनं फलकाला हात लावून पत्रा वाजवून बघितला. “पातळ हाय,” ती म्हणाली.

आप्पांना राग आला. इतका राग आलेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता. ते पंचायतीत जायला निघाले. आईच त्यांना म्हणाली, “राहू द्या. ऊन लई हाय,” आणि ते थांबले. त्या उन्हाळ्यापासून ती त्यांच्याशी दिवसातून दोन-तीन वाक्यं बोलते. शेळीशीही बोलते, पण आता ते शेळीपुरतं असतं.

मूळच्या सहा ओळी वाया जाऊ नयेत म्हणून मी त्यांचा लेख केला आणि आमच्या शाळेच्या वार्षिक अंकात दिला. नावं घातली नाहीत. अंक गावात कसा पोचला मला माहीत नाही, पण मला फोन यायला लागले. पहिला फोन त्या तलाठ्यांच्या मुलाचा. त्याचे वडील मास्तरांच्या बाजूला सरकले नव्हते, मास्तरच त्यांच्याकडं कलले होते, अशी दुरुस्ती त्याला हवी होती. मग एका बाईंचा: त्यांचे सासरे त्या नावेत होते, त्यांचा उल्लेख राहिलाय. मग सांबऱ्याहून एका गृहस्थांचा: त्यांचे आजोबा होते, शिवाय चुलत आजोबा. वाजंत्रीवाल्यांच्या घरून निरोप आला की त्यांचेही दोघे नावेत होते आणि ते बुडतानाही वाजवत होते. इतकी वर्षं त्या नावेत कुणीच नव्हतं. आता मी वहीत नावं लिहीत गेले तर ती सव्वीस झाली.

पुढच्या सुट्टीत मी ती यादी घेऊन आप्पांकडं गेले. ते चष्मा लावून अंगणात बसले होते आणि आई शेजारच्या पायरीवर मिरच्यांची देठं काढत होती. मी नावं वाचून दाखवली आणि म्हटलं, “आप्पा, आठजणांच्या नावेत सव्वीस माणसं. काय करू?”

आप्पांनी आईकडं पाहिलं. आईनं मिरच्यांवरून मान वर केली नाही, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

“बसू दे की,” आप्पा म्हणाले. “आता काय बुडत न्हाय ती.”